बावीस वर्षांनी फिरायला

आमचा निकाह मे २००१ मध्ये झाला. वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी हे म्हणाले होते, "आठ दिवसांत चिखलदऱ्याला जाऊ." विदर्भात थंड हवेचे ठिकाण ते एकच, नागपूरहून पाच-सहा तासांच्या रस्त्यावर. मी बॅगेत एक स्वेटरही ठेवला होता. त्याच आठवड्यात सासऱ्यांना लकवा झाला. स्वेटर कपाटात गेला. पुढे नणंदांची लग्ने, मुलगा, मुलगी, माझे बीएड, सासूबाईंचे ऑपरेशन, मग कोरोना. चिखलदरा पाच-सहा तासांवरच राहिला, पण आम्ही कधी गेलो नाही.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. यांचे सीताबर्डीत चष्म्याचे छोटे दुकान आहे. आम्ही नागपूरकर नुसते 'बर्डी' म्हणतो. मेन रोडवरून एका गल्लीत वळले की चौथे दुकान. सकाळी दहाला उघडते, रात्री नऊला बंद होते. मुलगा पदविका करून पुण्याला एका कारखान्यात लागला, तेव्हापासून घरात जेवणाच्या वेळी टीव्हीचाच आवाज जास्त असायचा. आमचे बोलणे म्हणजे सिलिंडर संपला, दूधवाल्याचे पैसे द्यायचे आहेत, मुलीची फी भरायची आहे. भांडण नव्हते. तक्रारही नव्हती. पण एके दिवशी माझ्या लक्षात आले की आज दिवसभरात आपण यांच्याशी पाच वाक्ये बोललो आणि पाचही हिशोबाची होती.

शाळेतल्या आम्ही वीस जणी दरमहा ४,००० रुपयांची भिशी लावतो. माझा नंबर सगळ्यांत शेवटी, मार्च २०२३ मध्ये लागला. ८०,००० रुपये हातात आले. ही भिशी मी यांना सांगितली नव्हती. लपवायचे असे काही नव्हते, पण सांगितले असते तर घरात त्या पैशाला दहा वाटा फुटल्या असत्या, हे मला ठाऊक होते.

त्याच सुमारास माझी एक जुनी विद्यार्थिनी नवऱ्याच्या नोकरीमुळे लेहला राहायला गेली होती. तिने मला एक फोटो पाठवला. मागे बर्फाचे डोंगर, पुढे हिरवेगार शेत, आणि एका शाळेवर उर्दूत लिहिलेली पाटी. खाली तिने लिहिले होते, "मॅडम, हे तुर्तुक. तुम्ही इथे शिकवायला हव्या होतात." तो फोटो मी कितीदा पाहिला असेन! एका रात्री यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "चला, जाऊ या. पैसे आहेत."

हे आधी हसले. मग विचारले, "कुठून आले?" मी सांगितले. यांचा चेहरा क्षणभर उतरला. मला वाटले, बायकोच्या पैशाने जायचे म्हणून कमीपणा वाटला असेल. खरे कारण मला पुढे तीन महिन्यांनी कळले.

बातमी नातेवाइकांत पसरली. मोठ्या नणंदेला आम्ही आपा म्हणतो. त्या घरी येऊन म्हणाल्या, "दुल्हन, एवढ्या पैशात एकाचा तरी उमरा झाला असता. म्हातारपणी डोंगर बघायला कशाला जाता?" मी चव्वेचाळीस वर्षांची आणि हे अठ्ठेचाळीस. मी काही बोलले नाही. बोलले नाही, तरी ते वाक्य मी प्रवासभर बरोबर वागवले. यांना मात्र सांगितले नाही.

विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. बकरी ईदही महिनाअखेरीस होती. म्हणून ५ जूनला निघायचे ठरवले. नवतपा संपला होता, पण नागपूर अजून तापलेलेच होते. मुलीला कामठीला माझ्या अम्मीकडे ठेवले. दुकान यांच्या पुतण्याच्या हवाली केले. रेल्वेने दिल्ली आणि दिल्लीहून सकाळच्या विमानाने लेह. विमानाच्या खिडकीतून खाली बर्फाच्या रांगाच रांगा. हे खिडकीला नाक लावून बसले होते. इतक्या वर्षांत मी यांना असे बघितले नव्हते.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. लेह ३,५०० मीटर. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच राहतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. रस्त्याने गेले तर शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो, पण विमान तर तासा-सव्वा तासात तिथे नेऊन सोडते. म्हणून पहिले दोन दिवस नुसते पडून राहायचे, भरपूर पाणी प्यायचे, जिना चढायचीही घाई करायची नाही. गेस्ट हाउसच्या मालकाने हे दोनदा बजावले.

हे ऐकतील तर ना. "पैसे भरून झोपायला आलो का?" म्हणत दुपारीच बाजारात निघाले. लेहच्या मुख्य बाजारात जामा मशीद आहे. त्या जागी पहिली मशीद सतराव्या शतकात उभी राहिली. हे तिथे असरची नमाज पढून आले, प्रवासाची, चारऐवजी दोन रकात. मग वर राजवाड्याच्या चढावरही गेले. संध्याकाळी जेवले नाहीत. "विमानात खाल्लेले पचले नाही," म्हणाले. मी विश्वास ठेवला.

रात्री दोनला मला जाग आली. हे पलंगावर नव्हते. खिडकी उघडी, बाहेर कडाक्याची थंडी, आणि हे खुर्चीवर वाकून बसून श्वास घेत होते. मी दिवा लावला. ओठ निळसर दिसत होते. "डोकं दुखतंय का?" "थोडंसं." "कधीपासून?" उत्तर नाही. न्हाणीघरात गेले तर दोनदा उलटी झाल्याच्या खुणा. बादलीभर पाणी ओतून त्यांनी सगळे साफ करायचा प्रयत्न केला होता, मला कळू नये म्हणून.

मालकाला उठवले. त्याने स्वतःच्या गाडीने आम्हाला रुग्णालयात नेले. बोटाला ऑक्सिमीटर लावला. २०२१ च्या एप्रिलमध्ये नागपुरात घराघरांत आपण हाच आकडा श्वास रोखून वाचत होतो. काटा ७४ वर होता. डॉक्टर तरुण होत्या, लडाखी. त्यांनी ऑक्सिजन लावला, छाती तपासली आणि म्हणाल्या, "फुफ्फुसात पाणी नाही, हे नशीब. सकाळपर्यंत गप्प बसले असते तर सांगता आले नसते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "इथे लोक उंचीने कमी आणि लपवण्याने जास्त आजारी पडतात. सहल बुडेल म्हणून सांगत नाहीत."

मी रात्रभर त्या खाटेजवळ स्टुलावर बसले. हात धरून ठेवला होता, पण मनात राग भरला होता. सकाळी आकडा ८८ झाला. डोके हलके झाल्यावर हे म्हणाले, "तुझ्या भिशीचे पैसे वाया गेले असते." मी तिथेच रडले. म्हणाले, "मी बर्डीत एकटी परत गेले असते, तर त्या पैशांचे काय केले असते?"

पुढचे दोन दिवस खोलीत काढले. डॉक्टरांनी सांगितले होते, डोकेदुखी पूर्ण थांबल्याशिवाय आणखी वर जायचे नाही. खोलीत टीव्ही चालत नव्हता. आमची सिमकार्डे प्रीपेड, आणि बाहेरच्या राज्यातली प्रीपेड कार्डे लडाखमध्ये चालत नाहीत, त्यामुळे फोनही मुका. खिडकीतून एकच डोंगर दिसायचा. तो डोंगर बघत आम्ही बोललो. आधी मुलांविषयी. मग सासऱ्यांविषयी, ज्यांना हे चार वर्षे रोज उचलून न्हाऊ घालत होते. मग काहीबाही. लग्नाआधी यांना कव्वालीचा किती नाद होता, हे मला बावीस वर्षांनी कळले.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा तपासून परवानगी दिली. "खारदुंग ला वर गाडीतून उतरू नका, फोटोसाठी थांबू नका. तुर्तुक लेहपेक्षा खाली आहे, तिथे बरे वाटेल." खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे. तिथे लोक फोटोसाठी रांग लावून उभे होते. आम्ही काचेतून बर्फ बघितला आणि पुढे गेलो. यांनी आपण होऊन सांगितले, "कानशिलं जरा ठणकताहेत." मी ड्रायव्हरला म्हटले, "भाई, चला लवकर." खाली उतरताच ठणका थांबला.

लेह ते तुर्तुक सुमारे दोनशे किलोमीटर. हुंडर मागे पडले की श्योक नदी सोबतीला असते, राखाडी, घोंघावणारी. दोन्ही बाजूंना उघडे बोडके डोंगर, गवताचे पाते नाही. चौक्यांवर सैनिक आधार कार्ड बघतात. आणि मग एका वळणावर एकदम हिरवे. जर्दाळूची झाडे, अक्रोड, पॉपलर, जवाची शेते. तुर्तुक.

हे गाव सुमारे ३,००० मीटरवर, बाल्टी लोकांचे. तुर्तुक, त्याक्षी, चालुंका आणि थांग ही चार गावे डिसेंबर १९७१ च्या युद्धापर्यंत पाकिस्तानच्या ताब्यात होती. लडाख स्काउट्सच्या तुकड्या चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखाली इथवर आल्या आणि ही गावे भारतात आली. रिंचेन यांना महावीरचक्र दुसऱ्यांदा मिळाले ते याच मोहिमेसाठी. पर्यटकांना गाव खुले झाले ते मात्र २०१० मध्ये. गावात जवळजवळ सगळे मुसलमान. बोली बाल्टी, म्हणजे तिबेटी भाषांच्या कुळातली. एके काळी ती तिबेटी लिपीत लिहीत, आता उर्दू लिपीत. दुकानाच्या पाट्या वाचत मी चालले होते आणि यांना हसू येत होते, "मॅडम, वर्ग सुरू करा."

गाव दोन भागांत आहे, युल आणि फारोल. मध्ये ओढा, त्यावर लाकडी पूल. आम्ही फारोलला शेतांच्या कडेला एका घरात उतरलो. घरात सत्तरीच्या जवळची एक आजी, तिचा मुलगा, सून आणि दोन नाती. जर्दाळू जुलैच्या मध्याला पिकतो, त्यामुळे झाडांवर हिरवी बोरे लटकलेली. आम्हाला गेल्या वर्षीचे वाळवलेले जर्दाळू मिळाले, आणि कुट्टूच्या पिठाचे धिरडे. त्याला तिथे किसिर म्हणतात. दह्या-पुदिन्याबरोबर खाल्ले. एकाच शेतात आधी जव काढतात आणि मग त्याच जागी कुट्टू पेरतात. उन्हाळा छोटा, जमीन थोडी, पण दोन पिके.

नातीने आम्हाला घरामागची नांगचुंग दाखवली. दगडांची छोटी खोली. दगडांच्या फटींतून खालची गार हवा आत येत राहते. लोणी, दूध, मांस तिथेच ठेवायचे. विजेची गरजच नाही. आत हात घातला तर फ्रिजसारखा गारवा. नागपुरात मार्च लागला की आम्ही कूलरची गवताची जाळी बदलायला घेतो. हे म्हणाले, "कूलरवाल्याचे दुकान इथे चालणार नाही."

मुलीने मला उर्दूत विचारले, "तुमच्या गावात डोंगर आहे?" मी म्हटले, "आहे, सीताबर्डीचा. त्यावर किल्ला आहे. १८१७ मध्ये तिथे इंग्रज आणि भोसल्यांची लढाई झाली. आता तिथे सैन्य आहे, आणि वर्षातून तीनच दिवस लोकांना वर जाता येते." तिने समोरच्या बर्फाच्या शिखरांकडे बघितले आणि विचारले, "एवढा उंच आहे?" मी म्हटले, "नाही गं. तुमच्या घराच्या गच्चीपेक्षा थोडा उंच असेल." ती खूप हसली.

आजीच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती. आमचे हे कुठेही जावोत, खिशात छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि स्क्रूची डबी असतेच. त्यांनी उन्हात बसून काडी बसवली, नाकाचे टेकू बदलले, काचा पुसल्या. आजी चष्मा लावून भिंतीवरच्या फोटोजवळ गेली आणि बराच वेळ उभी राहिली. फोटोत वीस-बावीस वर्षांचा एक तरुण होता.

तो तिचा मोठा भाऊ. १९७१ च्या हिवाळ्याआधी तो कामासाठी स्कार्दूला गेला होता. डिसेंबरात युद्ध झाले. सकाळी उठले तर घर एका देशात, भाऊ दुसऱ्या देशात. पायी काही दिवसांची वाट होती. ती पन्नास वर्षांत कुणालाच ओलांडता आली नाही. पूर्वी पत्रे महिनोन्महिन्यांनी यायची. अलीकडे नातींच्या फोनवर भावाचा चेहरा दिसायला लागला.

"मग आता बोलता का?" मी विचारले.

"दोन वर्षे झाली, वारला," ती म्हणाली. "वर्षभर आजारी होता. फोनवर दिसायचा, हसायचा. विचारले की म्हणायचा, ठीक आहे. मला त्रास नको म्हणून नाही सांगितले. मी दुआही केली नाही, मला माहीतच नव्हते." मग चष्मा काढून पदराला पुसत म्हणाली, "तो तरी पहाडापलीकडे होता."

तिला आमच्याविषयी काही ठाऊक नव्हते. पण हे एकदम उठून बाहेर गेले.

त्या रात्री आम्ही गच्चीवर बसलो होतो. श्योकचा आवाज येत होता आणि थंडी होती. माझ्या अंगात तोच २००१ चा स्वेटर होता, कोपरावर थोडा उसवलेला. हे बऱ्याच वेळाने बोलले. कोरोनात दुकान बंद होते त्या महिन्यांचे भाडे थकले होते. त्यांनी एका दोस्ताकडून ९०,००० रुपये उसने घेतले होते. ५५,००० अजून द्यायचे बाकी होते. दोन वर्षे. मी भिशीचे सांगितले तेव्हा यांचा चेहरा का उतरला, ते मला आत्ता कळले.

"तेव्हाच का नाही सांगितले?"

"तू लगेच पैसे काढून दिले असतेस. आणि पुन्हा चिखलदऱ्यासारखेच झाले असते."

मला राग आला, खोटे बोलत नाही. कर्ज डोक्यावर असताना आम्ही इथे जर्दाळू खात बसलो होतो. मी ते बोलूनही दाखवले. आवाज चढला, मग खाली झोपलेल्या मुली आठवल्या आणि हळू झाला. पण माझाही हात स्वच्छ नव्हता. वीस महिने मी भिशी लपवली. आपांचे बोलणे लपवले. मग तेही सांगितले. यांनी शांतपणे ऐकले. "आपांचे चुकले नाही," म्हणाले. "उमरा करायचाच आहे. पण कर्ज फेडल्यावर, आणि दोघांनी मिळून."

तिथेच हिशोब केला. पण या वेळी हिशोब दोघांनी केला. माझ्या पगारातून दरमहा ५,०००, दुकानातून जमेल तसे. वर्षाच्या आत फिटेल असा अंदाज निघाला. दोस्ताला परत गेल्यावर दोघांनी मिळून भेटायचे, हेही ठरले. डोळे मिटताना मला वाटले, लग्नाला बावीस वर्षे झाली, पण यांच्या खिशात किती आहे हे मला आज पहिल्यांदा कळले.

दुसऱ्या दिवशी खापलूच्या यबगो घराण्याचा जुना वाडा पाहिला. आता तिथे छोटे संग्रहालय आहे. मग गावाची जुनी मशीद, लाकडी कोरीव कामाची. दुपारी शेतांच्या बांधावरून नुसते हिंडलो. निघताना आजीने वाळलेल्या जर्दाळूची पिशवी दिली. चष्म्याचे पैसे यांनी घेतले नाहीत, म्हणून जर्दाळूचे तिने घेतले नाहीत.

ज्या भगिनींना असे जायचे असेल, त्यांच्यासाठी थोडे. उंच जागी जायच्या आधी डॉक्टरांना भेटा, विशेषतः रक्तदाब, हृदय किंवा श्वासाचा त्रास असेल तर. उंचीवर घ्यायची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घ्या. लेहला पोहोचल्यावर दोन दिवस खरोखरच पडून राहा. पोस्टपेड सिम सोबत ठेवा. डोके दुखले, उलटी झाली, बसल्या जागी दम लागला, तर लगेच सांगा आणि वर जाऊ नका. सहल पुन्हा होते.

१५ जूनला नागपूरला उतरलो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकताच गरम वाफेने तोंड भाजले. आपा संध्याकाळी आल्या. मी जर्दाळू पुढे ठेवले. यांनी त्यांना रुग्णालयाचे, ७४ चे, सगळे सांगितले, काही गाळले नाही. आपा ऐकत राहिल्या. मग जर्दाळू तोंडात टाकून म्हणाल्या, "माझेही गुडघे दोन वर्षांपासून दुखतात. मी कुणाला सांगितले नाही." दुसऱ्या दिवशी हेच त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

दोस्ताचे पैसे पुढच्या मे महिन्यात फिटले. उमऱ्यासाठी आता वेगळी भिशी लावली आहे. तिचे पुस्तक कपाटात नाही, टीव्हीवर ठेवलेले असते.

परवा दुपारी वर्गात असताना फोन आला. मी घाबरून बाहेर गेले, कारण हे दुपारी कधी फोन करत नाहीत. "काही विशेष नाही," म्हणाले. "जरा डोकं दुखतंय. आज दुकान लवकर बंद करतो. चहा तयार ठेव."

मी वर्गात परत गेले तर मुलींनी विचारले, "मॅडम, का हसताय?"